बागेची परीक्षा मे महिन्यात

गेल्या मे महिन्यातली दुपार. दीड वाजला असेल. यवतमाळच्या बसस्थानकाकडून घरी येताना आमच्या भागातल्या सार्वजनिक बागेच्या फाटकाशी तीन माणसं बसलेली दिसली. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची सून आणि तिच्या मांडीवर तापानं मलूल झालेलं पोर. राळेगावकडच्या खेड्यातून दवाखान्यात आले होते. डॉक्टर चार वाजता पुन्हा तपासणार होते. तोवर कुठंतरी टेकावं म्हणून विचारत विचारत बागेपर्यंत आलेले. आत कडुनिंबाची चार जुनी झाडं आहेत. त्यांची गर्द सावली जाळीतून दिसत होती. फाटकाला मात्र कुलूप होतं.

पाटीवर वेळ लिहिली होती : सकाळी ५ ते ९, सायंकाळी ५ ते ९. त्याखाली तिकिटाचा दर, माणशी १० रुपये.

मी चौकीदाराला म्हणालो, "भाऊ, घटकाभर सावलीत बसू द्या ना यांना." तो म्हणाला, "मले काय हाय साहेब, मी आत्ता उघडून देतो. पन कोनी फोटो काढून टाकला तं माह्या नोकरीवर येते." त्याचं खोटं नव्हतं. त्या तिघांना मी घरी नेलं. पाणी प्यायले, पोर कूलरसमोर झोपलं, चार वाजता ते दवाखान्यात गेले. प्रश्न मात्र माझ्याकडंच राहिला. सार्वजनिक बागेतली सावली ऐन दुपारी कुलपात ठेवायची असेल, तर ती झाडं इतकी वर्षं वाढवली कुणासाठी?

बागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुण्या एका अधिकाऱ्याला किंवा नगरसेवकाला धरून बोलायचं नाही म्हणून. शिवाय पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, कुठलाही वाचक इथं आपल्या गावातल्या बागेचं नाव घालून वाचू शकेल. सगळीकडची गोष्ट थोड्याफार फरकानं सारखीच आहे.

आमच्या बागेचं दोनेक वर्षांपूर्वी 'पुनरुज्जीवन' झालं. आधी ती खरोखर वाईट अवस्थेत होती, हे कबूल केलं पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली, तेव्हा गवत कमरेएवढं वाढलं. झोके गंजले, दिवे गेले, संध्याकाळनंतर आत दारूच्या बाटल्या दिसू लागल्या. बायकांनी येणं सोडलं. तेव्हा बाग दुरुस्त करा म्हणून निवेदनावर सह्या करणाऱ्यांत मीही होतो. त्यामुळे आजची तक्रार बाग सुधारली म्हणून नाही. सुधारताना तिच्याकडं कुठल्या महिन्यातून आणि कुणाच्या नजरेतून पाहिलं गेलं, याबद्दल आहे.

उद्घाटन हिवाळ्यात झालं. गुलाबी थंडी, हिरवीगार लॉन, रंगीत कारंजं, पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा रस्ता, ओपन जिम, सेल्फी पॉइंट. फोटो छान आले. वर्तमानपत्रात छापूनही आले. डिसेंबरात यवतमाळची कुठलीही बाग छानच दिसते. तिची खरी परीक्षा मे महिन्यात असते, आणि तो पेपर सोडवायला कुणीच बसलं नव्हतं.

ज्याला बाग समजून घ्यायची, त्यानं ती वर्षभर पाहिली पाहिजे. मी पन्नाशीला आलो, या बागेत लहानपणापासून येतो, म्हणून थोडं सांगू शकतो.

जूनमध्ये मिरगाचा पाऊस पडला की बाग माणसांनी रिकामी होते. इथं बसणारे निम्मे लोक रोजमजुरीचे, ते पेरणीला निघून जातात. शहर कितीही वाढलं तरी हा कापसाचा जिल्हा आहे, आणि बागेतल्या बाकांवरूनही शेतीचं वेळापत्रक कळतं. त्या दिवसांत बाग पाखरांची. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला चातक पावसाच्या आगेमागे येतो आणि कडुनिंबावरून ओरडत राहतो. मग येते नवरात्र. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भभर प्रसिद्ध. आजूबाजूच्या तालुक्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं देवी पाहायला येतात, रात्रभर पायी फिरतात. बाग उघडी असायची तेव्हा ही माणसं पहाटे इथं चटई टाकून अंग टेकायची आणि पहिल्या एसटीनं गावी जायची. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, हातात थोडा पैसा येतो, बागेबाहेर फुगेवाले आणि पाणीपुरीवाले वाढतात.

हिवाळा हा मॉर्निंग वॉकवाल्यांचा. स्वेटर, कानटोपी, मफलर. निवृत्त शिक्षक, दुकानदार, डॉक्टर. यांच्यात मीही आलो. आमच्या घरी अंगण आहे, गच्ची आहे. बाग बंद झाली तर आम्हाला दुसरीकडं चालता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, शहराबाहेर पळस पेटतो, आणि बागेत स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तकं घेऊन झाडाखाली बसतात. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं-चौघं राहणाऱ्यांना तेवढीच शांत जागा.

आणि मग एप्रिल, मे. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. बहावा पिवळा होतो, गुलमोहर लाल. शाळांना सुट्ट्या लागतात, लेकी माहेरी येतात. टिनाच्या छपराखाली दुपारी कुणी बसू शकत नाही आणि रात्री दहापर्यंत भिंती गरम राहतात. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी बागेत याच दिवसांत असते. या गर्दीकडं दुसरी जागा नसते. हिवाळ्यातला माणूस बागेत तब्येतीसाठी येतो, उन्हाळ्यातला माणूस घरात राहवत नाही म्हणून येतो. बाग कुणासाठी, असा प्रश्न आला तर आधी या दुसऱ्या माणसाचा विचार व्हायला हवा. नव्या वेळापत्रकात नेमका तोच बाहेर राहिला.

या बागेतल्या दुपारची माझी सर्वांत जुनी आठवण १९८६ च्या मे महिन्यातली आहे. त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला होता आणि मी पहिला रोजा धरला होता. दहा वर्षांचा होतो. दुपारी दोननंतर घशाला कोरड पडली, रडू यायला लागलं. अब्बांनी मला सायकलवर बसवलं आणि या कडुनिंबाखाली आणलं. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी झोपलो, उठलो तेव्हा ऊन कललं होतं. शेजारी एक हमाल झोपले होते. त्यांना अब्बांनी सांगितलं, पोराचा पहिला रोजा आहे. त्यांनी स्वतःजवळचा पंचा ओला करून माझ्या डोक्यावर ठेवला. तेव्हा ना फाटक होतं, ना तिकीट.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून पुन्हा तिथंच येतो. तो पुन्हा मे महिन्यात आला २०१८ साली. यवतमाळकरांना ते वर्ष विसरता येणार नाही. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला. शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन्ही जलाशयांनी तळ गाठला होता. अमृत योजनेतून बेंबळा प्रकल्पाचं पाणी येणार या आशेवर शहर बसलं होतं, ते वेळेत आलं नाही. रात्री दोन वाजता टँकर आला तरी गल्लीभर बादल्या वाजायच्या. रोजा असो वा नसो, त्या उन्हाळ्यात सगळं शहरच तहानलेलं होतं.

तेव्हा आमच्या बागेतली जुनी विहीर कामाला आली. पाणी पिण्याजोगं नव्हतं, पण भांडी, कपडे, आंघोळीला चालायचं. पहाटे सहरी आटोपून आमच्या मोहल्ल्यातल्या बायका घागरी घेऊन जायच्या, त्याच वेळी पलीकडच्या वस्तीतल्या बायका यायच्या. आधी भांडणं झाली. मग त्यांनीच पाळ्या लावल्या. एक दिवस इकडची गल्ली आधी, दुसऱ्या दिवशी तिकडची. अम्मीची आणि पलीकडच्या एका काकूंची ओळख तिथलीच. आजही दोघी बरोबर चालायला जातात. अम्मीला काकूंच्या गुडघ्याचं औषध पाठ आहे आणि काकूंना अम्मीच्या साखरेचा आकडा.

पुनरुज्जीवनात त्या विहिरीवर स्लॅब पडला. त्यावर सिमेंटचं मोठं लाल हृदय उभं केलं आहे. सेल्फी पॉइंट तोच.

आपलं शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर वसलेलं आहे. जिल्ह्यात पडणारा पाऊस कमी नाही, वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो चार महिन्यांत पडतो आणि वर्धा-पैनगंगेकडं उतरून जातो. शहरातून वाहणारी मोठी नदी नाही. अशा गावात बाग करायची तर पहिला प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात एक चौरस मीटर लॉनला दिवसाला पाच लिटरच्या आसपास पाणी लागतं. एक एकर लॉन म्हणजे चार हजार चौरस मीटर, रोजचं वीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर झाले. ज्या वस्त्यांना नळाच्या पाण्याची वाट पाहावी लागते, त्यांच्या शेजारी आपण हे रोज गवतावर ओतणार आहोत का? आणि नाही ओतलं, तर ते गवत मेमध्ये मरणार. आमच्याकडं तेच झालं. पहिल्याच उन्हाळ्यात अर्धी लॉन वाळली, पावसाळ्यात पुन्हा नवी अंथरली, पुन्हा बिल निघालं.

बागेतले जुने माळीकाका मला तेव्हाच म्हणाले होते, "लॉन लावाले सोपं हाय, भाऊ. मे मयन्यात त्याले पाजू काय?" त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते आता घरी बसले. त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं येतात, दर चार-सहा महिन्यांनी चेहरे बदलतात. कुठल्या झाडाला कधी खत दिलं, कुठला आळा फुटतो, हे कुणालाच माहीत नसतं.

कडुनिंबाला लॉनसारखे लाड लागत नाहीत. एकदा तीन-चार उन्हाळे जगवला की तो आपला आपण उभा राहतो आणि भर मेमध्ये नव्या पालवीनं दाट होतो. करंज, चिंच, वड, पिंपळ, बहावा, सगळी आपल्या मातीतली झाडं. पण आमच्याकडं जुन्या झाडांच्याही बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले आहेत. मुळाशी पाणी मुरायला वीतभर माती शिल्लक नाही. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ सालीच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. अब्बांनी मला निजवलं तो कडुनिंब तेव्हाही मोठाच होता, म्हणजे तो त्यात सहज बसतो. ज्याला कायदा वारसा म्हणतो, त्याचा गळा आपण सिमेंटनं आवळतो आहोत.

बाग दुपारी बंद ठेवण्यामागंही कारणं सांगितली जातात आणि ती सगळीच खोटी नाहीत. पत्ते कुटणारे बसतात, दारुडे येतात, जोडपी बसतात, नळाच्या तोट्या चोरीला जातात. पण टवाळखोर येतात ते बाग रिकामी असते तेव्हा. बायका, म्हातारे, अभ्यासाची मुलं जिथं बसलेली असतात, तिथं बाटली काढायची हिंमत कुणी करत नाही. कुलपानं टवाळखोर थांबतही नाहीत, मागच्या भिंतीवरून उडी मारून आत जातात. थांबतो तो फाटकापाशी आलेला, नियम पाळणारा माणूस.

तिकिटाचं समर्थन देखभालीच्या खर्चानं केलं जातं. दहा रुपये काय मोठे, असं आम्हा फिरायला येणाऱ्यांपैकीच काहीजण म्हणतात. आम्ही महिन्याचा पास काढतो. पण पाच माणसांचं मजुराचं कुटुंब रोज संध्याकाळी यायचं म्हटलं तर पन्नास रुपये, महिन्याचे दीड हजार. ते येणं बंद करतात. माझ्या मोहल्ल्यातल्या किती तरी बायकांनी केलं. पुरुषांना बाहेर बसायला चहाची टपरी आहे, मशिदीचं आवार आहे, चौक आहे. बाईला घराबाहेर, पैसे न मोजता, काही काम नसताना नुसतं बसता येईल अशी शहरात दुसरी जागा कुठली? अम्मी म्हणते, "बाहर निकलने को एक ही तो जगह थी." ही गोष्ट एकट्या मोहल्ल्याची नाही. पलीकडच्या वस्तीतल्या बायकांचंही दुखणं तेच आहे.

इथं स्वतःच्या माणसांनाही बोललं पाहिजे. गेल्या काही वर्षांत रमजान मार्चमध्ये आला. संध्याकाळी काही कुटुंबं बागेत इफ्तार करायची, खजूर आणि कलिंगडाच्या फोडी शेजारच्या बाकावरही जायच्या. फार छान दृश्य होतं ते. पण उठून गेल्यावर मागं कागदी प्लेटा आणि कलिंगडाच्या साली राहायच्या. वाढदिवसाचे केक कापणारेही तेच करतात, पण त्यांनी केलं म्हणून आमचं माफ होत नाही. बाग सगळ्यांची, असं म्हणायचं तर झाडूही सगळ्यांचा.

विकासाच्या नावाखाली बाग लोकांच्या हातून कशी जाते, याचं उदाहरण शेजारीच, नागपुरात आहे. अंबाझरी उद्यान विकासासाठी खासगी कंपनीकडं गेलं आणि २०२१ साली तिथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडलं गेलं. त्याविरुद्ध लोकांना, त्यातही बायकांना, कितीतरी दिवस धरणं धरून बसावं लागलं. न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्कची उलटी गोष्ट सांगतात. १८५८ साली लोकांसाठी उघडलेलं ते उद्यान १९७० च्या दशकात उजाड आणि धोकादायक झालं होतं. १९८० साली नागरिकांची संस्था उभी राहिली, देणग्या जमल्या, पुढं बागेचे भाग पाडून प्रत्येक भागाला एकेक माळी जबाबदार धरला गेला. बाग पुन्हा उभी राहिली आणि आत फिरायला आजही तिकीट नाही. आपल्याकडं तितका पैसा नाही, हे खरं. पण एका तुकड्याला एक कायमचा माळी, यासाठी अमेरिकेइतकी श्रीमंती लागत नाही.

कायद्यानंही बाग ही कुणाच्या मर्जीतली वस्तू नाही. १९९१ साली बंगळुरूच्या एका प्रकरणात, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी इस्पितळाला द्यायचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं टिकू दिला नाही. इस्पितळ चांगलंच असतं, तरीही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. आपल्या शहरातल्या दाट वस्त्यांमधून एक चक्कर मारली तर त्यातलं किती वाट्याला आलं, हे ज्याचं त्याला दिसेल. एवढ्याशा वाट्याला आणखी कुलूप नको.

मागण्या मोठ्या नाहीत. दुपारी बाग उघडी ठेवा, निदान मार्च ते जून. तिकीट काढून टाका. लॉन निम्मी करा आणि त्या जागी आपल्या मातीतली सावलीची झाडं लावा, येत्या पावसाळ्यात लावली तर दहा वर्षांत माणसं त्यांच्याखाली बसतील. बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक उखडा. विहिरीवरचा स्लॅब काढा, गाळ उपसा, जाळी बसवा, बागेचं पाणी बागेतूनच घ्या. बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा आणि त्याला कुलूप लावू नका. माळी कायमचा नेमा आणि पुढच्या वेळी आराखडा करताना आधी त्याला विचारा. यातल्या बहुतेक गोष्टींना सेल्फी पॉइंटपेक्षा कमी खर्च येतो.

याच जिल्ह्यात, पुसदला, १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी सरकारी राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. ज्या गवतावर लोकांचा हक्क आहे ते सरकार लोकांपासून अडवू शकत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ब्रिटिश गेले, गवत आपलं झालं. त्यावर बसायला आज दहा रुपये लागतात.

अम्मी आणि काकू हल्ली बागेबाहेरच्या फूटपाथवर चालतात. पास काढून देतो म्हटलं तर दोघीही नाही म्हणाल्या. बाकीच्या बायका बाहेर असताना आम्ही दोघीच आत कशाला जाऊ, असं त्यांचं म्हणणं. निवेदन पुन्हा लिहिलं आहे. या खेपेला पहिल्या दोन सह्या त्यांच्या आहेत. तिसरी माझी. तुमच्या गावातल्या बागेच्या फाटकावरही अशी पाटी असेल, तर एकदा दुपारी दीड वाजता तिथं जाऊन पाहा, बाहेर कोण बसलं आहे ते.